लिस्बनमध्ये कॅमेरा घेऊन चालताना: फरसबंदी, अझुलेजू, भिंती आणि ऊन

लिस्बनमधल्या माझ्या पहिल्या दिवसाचे फोटो काढून बघितले, तर त्यात आकाश पांढरंफटक आहे, रस्ता पांढराफटक आहे आणि मधली माणसं काळवंडलेली आहेत. कॅमेऱ्यात दोष नव्हता, माझा हिशेब चुकला होता. या शहरातले पदपथ आणि चौक चुनखडीच्या पांढऱ्या दगडांनी मढवलेले आहेत, घरांच्या भिंतींवर अझुलेजू, म्हणजे चकाकत्या रंगीत टाइल्स, आहेत आणि दक्षिणेला तेजू नदीचं, म्हणजे नकाशावरच्या टॅगसचं, खाडीसारखं रुंद पात्र आहे. ऊन वरून येतं, खालून उसळतं आणि समोरच्या भिंतीवरून परत येतं. कॅमेऱ्याला हे आपण सांगावं लागतं.

नंतर पुन्हा जाणं झालं तेव्हा मी ठिकाणांची यादी निम्म्याहून कमी केली आणि प्रत्येक जागी दोनदा, वेगवेगळ्या वेळी गेले. फोटो सुधारले ते त्यामुळे. चार दिवसांत चाळीस ठिकाणं करू नका, आठ-दहा करा आणि परत परत जा. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. ती लिस्बनच्या उदाहरणातून सांगते, कारण ते शहर मी पायी फिरले आहे. पोर्तो, सेव्हिल किंवा प्रागला जाणाऱ्यांनी ठिकाणांची नावं बदलून घ्यावीत.

पायरी १: विमानाच्या तिकिटाआधी सूर्याचा हिशेब

मुंबई साधारण १९ अक्षांशावर आहे, लिस्बन जवळपास ३९ वर. या फरकाने छायाचित्रकाराचा सगळा दिवस बदलतो. जूनच्या शेवटी लिस्बनमध्ये सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास आणि सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो. डिसेंबरमध्ये सूर्य उगवायला पावणेआठ-आठ वाजतात आणि सव्वापाचला तो मावळलेला असतो. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केलेली असल्याने सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, दीडच्याही नंतर. म्हणजे सकाळी अकराचं ऊन आपल्या सकाळी दहाच्या उन्हासारखं, अजून वापरण्याजोगं असतं. मात्र दुपारचे तीन वाजले तरी ऊन कडकच असतं.

हिवाळ्यात सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम २८ अंश वर चढतो. दिवसभर तिरपं ऊन! कोरीव दगडासाठी याहून चांगला उजेड नाही. पाऊस असतो हे खरं, पण ओली फरसबंदी हा लिस्बनचा वेगळाच खजिना आहे, त्याकडे पुढे येते. माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा शेवट ते मार्चची सुरुवात हा काळ निवडा. सणाची गर्दी हवी असेल तर १२ जूनची रात्र धरा. ती संत अँथनीच्या उत्सवाची रात्र. आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत सार्डिन मासे भाजण्याचा धूर, कागदी पताका आणि तुळशीच्या जातीच्या मांजेरिकू या रोपाच्या कुंड्या असतात. मे अखेर ते जून या दिवसांत रस्त्यांवर जॅकरांडा जांभळा फुललेला असतो.

संधिप्रकाशही आपल्याकडच्यापेक्षा लांब रेंगाळतो. मुंबईत सूर्य बुडाल्यावर निळी वेळ बघता बघता संपते, तिथे जूनमध्ये सूर्यास्तानंतर अर्धा तास सहज मिळतो. त्यामुळे सूर्य गेला की लोक उठून जातात तेव्हा तुम्ही बसून राहा.

शहर टेकड्यांचं आहे आणि तिथल्या उंचवट्यांवरच्या सज्जांना मिरादोरू म्हणतात. प्रत्येकाचं तोंड कुठे आहे हे आधी नकाशावर बघा. पोर्तास दु सोल पूर्वेकडे बघतो, तिथे सूर्योदयाला जा. सेन्योरा दु मोंतू पश्चिमेकडे मोकळा आहे, तो सूर्यास्ताचा. साओ पेद्रू द आल्कान्तारा समोरच्या टेकडीवरच्या किल्ल्याकडे, म्हणजे पूर्वेला बघतो, म्हणून तिथे संध्याकाळी जावं. पाठीमागून आलेलं ऊन किल्ल्याच्या भिंतीवर पडतं आणि तुमच्या डोळ्यांत येत नाही. ही एवढी गोष्ट उलटी केलीत तर तिन्ही जागा वाया जातात.

पायरी २: पिशवीत काय

थोडकंच. मोबाइल असेल तर तोच न्या, फक्त कॅमेऱ्यात जाळीच्या रेषा चालू करा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, बोटाने कमी कसा करायचा ते घरीच शिकून घ्या. कॅमेरा असेल तर २४ ते ७० मिलिमीटरच्या टप्प्यातली एक लेन्स आणि एक छोटी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लांब लेन्स, किमान २०० मिलिमीटरपर्यंत पोचणारी. वाइड लेन्स नसली तरी चालेल, पण लांब लेन्स लागेल, का ते बेलें या नदीकाठच्या भागात कळेल. पोलरायझर फिल्टर, म्हणजे चकाकी कमी करणारी लेन्सवरची काच, मात्र विसरू नका. बाकी लेन्स पुसायचं कापड, जास्तीची बॅटरी आणि पकड असलेले बूट. हजारो पावलांनी गुळगुळीत झालेली तिथली फरसबंदी ओली झाली की शेवाळलेल्या घाटासारखी निसटते. उतारावर डोळ्याला कॅमेरा लावून एकही पाऊल टाकू नका.

ट्रायपॉड मी नेत नाही. गल्ल्या अरुंद आहेत आणि चर्च, संग्रहालयं नि मेट्रोत तो उघडला तर कुणीतरी थांबवणारच. कठड्यावर गुंडाळलेला स्वेटर ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला की काम भागतं.

पायरी ३: सुरुवात पायाखालून

पहिली सकाळ रोसियू चौकात घालवा आणि मान खाली ठेवा. काळ्या-पांढऱ्या लाटांची ही फरसबंदी १८४८-४९ मधली आहे. या कामाला काल्सादा म्हणतात आणि करणाऱ्याला कालसेतैरू. त्याआधी, १८४२ मध्ये, वरच्या साओ जॉर्ज किल्ल्यात कैद्यांच्या हातून अशी नक्षी बसवून घेतली होती. तिथून ती शहरभर पसरली आणि पुढे समुद्रापार ब्राझीललाही गेली. एकेक दगड हातोडीने तासून, वाळूच्या थरावर हाताने बसवतात. आजही महापालिका या कारागिरांसाठी १९८६ पासून शाळा चालवते. हे माहीत असलं की नुसती नक्षी टिपून समाधान होत नाही, दगडांमधली सांध बघावीशी वाटते.

आता फोटो. सकाळी आठच्या आत या. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा आणि लाटा फ्रेमच्या एका कोपऱ्यातून आत जातील असं बसा. सरळ उभं राहून काढलेल्या फोटोत लाटा सपाट होतात. खाली बसलं की त्या एकमेकींवर चढतात. पांढरा दगड कॅमेऱ्याला फसवतो. जवळजवळ सगळी फ्रेम पांढरी दिसली की कॅमेरा सगळंच राखाडी करतो. अर्धी फ्रेम उन्हातल्या पांढऱ्या दगडाची आणि बाकीची सावलीतली असली, तर उलट दगड जळून जातो. म्हणून दोन फोटो काढा, एक जसा येतो तसा आणि एक एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करून (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). घरी बघा कुठल्यात दगडाचा पोत टिकला आहे.

पाऊस पडून गेल्यावर याच चौकात परत या. काळा दगड गडद होतो, पांढऱ्यावर आकाश उतरतं आणि दिवे लागले की लाटांवर सोनेरी पट्टे पडतात. माझा तिथला सगळ्यांत आवडता फोटो अशाच एका संध्याकाळचा आहे. त्यात माणूस एकही नाही, फक्त एका छत्रीचं प्रतिबिंब आहे.

वरून बघायचं असेल तर सान्ता जुस्ता लिफ्टचा माथा आहे. हा ४५ मीटर उंचीचा लोखंडी मनोरा १९०२ पासून उभा आहे, आणि वरच्या सज्जावर कार्मू मठाच्या बाजूने चालतही जाता येतं. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया या उतारावरच्या रेल्वेचा भीषण अपघात झाला, त्यात १६ जण गेले. त्यामुळे अशी जुनी वाहनं चालू आहेत की तपासणीसाठी बंद, हे आदल्या दिवशी बघून घ्या. अपघाताच्या जागी लोक फुलं ठेवताना दिसले तर कॅमेरा पिशवीत ठेवावा.

पायरी ४: अझुलेजू, म्हणजे चकाकीशी झटापट

अझुलेजू हा शब्द अरबीतून आला, मुळात अर्थ गुळगुळीत केलेला लहान दगड. गोवा पाहिलेल्यांना तो परका नाही. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ मधली निळी-पांढरी चित्रभिंत आहे, ती जोर्ज कोलासू यांची. पोर्तोच्या साओ बेंतू रेल्वे स्थानकातल्या सुमारे २०,००० टाइल्सही त्यांनीच रंगवल्या. लिस्बनला जाण्याआधी एकदा पणजीत थांबून त्या भिंतीवर सराव करा. चकाकीचा त्रास दोन्हीकडे अगदी सारखाच आहे.

टाइलवर काचेसारखा लेप असतो. त्यात समोरचं आकाश, पांढरा रस्ता, तुमचा शर्ट, सगळं दिसतं. त्यावर तीन उपाय आहेत, आणि मी ते याच क्रमाने करून बघते.

आधी ऊन टाळा. टाइलची भिंत पूर्ण सावलीत असेल तेव्हा रंग सर्वांत खरे येतात. रस्ता अरुंद असेल तर समोरच्या उन्हातल्या भिंतीवरून मऊ उजेड परततो, तो तर फारच छान. सावलीत निळा रंग जास्तच निळा येतो, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर न ठेवता सावलीच्या खुणेवर ठेवा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, काढत असाल तर हे घरीही सुधारता येतं.

मग जागा बदला. भिंतीसमोर नाक लावून उभं राहिलं की स्वतःचं प्रतिबिंब येतं. एक-दोन पावलं बाजूला सरका, चकाकी घसरून जाते. शेवटी पोलरायझर. तो भिंतीला साधारण तीस-पस्तीस अंशांच्या तिरक्या कोनातून सर्वाधिक काम करतो, अगदी समोरून जवळजवळ काहीच करत नाही. फिल्टर हळूहळू फिरवा आणि चकाकी पूर्ण मारू नका. सगळी चमक गेली की टाइल रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखी दिसते.

भिंत सरळ समोरून हवी असेल तर टाइल्सच्या आडव्या-उभ्या सांधी हाच तुमचा ओळंबा. जाळीच्या रेषा सांधींशी जुळवा. मोबाइलवर अर्ध्या पटीची लेन्स वापरू नका, कडेच्या टाइल्स ताणल्या जातात. मागे सरकायला जागा असेल तर मागे सरका आणि दुप्पट झूम करा, चौकट सरळ राहते.

कुठे जायचं? चियादूजवळ राफाएल बोर्दालू पिन्येइरू चौकात १८६४ ची एक पूर्ण दर्शनी भिंत आहे. तिच्यावर पृथ्वी, जल, शेती, व्यापार, विज्ञान यांच्या मूर्ती अशा रंगवल्या आहेत की कोनाड्यात पुतळे उभे आहेत असं वाटावं. इंतेंदेंत चौकातल्या विउव्हा लामेगू या टाइल-कारखान्याच्या जुन्या इमारतीवरही त्याच चित्रकाराचा हात आहे. सान्ता लुझियाच्या सज्जाजवळ चर्चच्या भिंतीवर एक चित्र आहे, त्यात नदीकाठचा राजवाड्याचा चौक १७५५ च्या भूकंपाआधी कसा होता ते दिसतं. ते चित्र टिपा आणि मग खाली जाऊन आजचा चौक, प्रासा दु कोमेर्सियू, त्याच बाजूने टिपा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की शहराची मोठी जखम एका नजरेत कळते.

आणि एक विनंती. मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या फैरा दा लाद्रा या जुन्या बाजारात सुट्या जुन्या टाइल्स विकायला असतात. घेऊ नका. भिंतींवरून चोरलेल्या टाइल्स अशाच बाजारांत येतात, आणि मग ज्या भिंतीचा फोटो काढायला आपण येतो तिच्यावर नुसतं सिमेंट उरतं.

पायरी ५: इमारती, आणि आपल्या ओळखीचा गेंडा

१ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप, मग लाटा, मग आग. त्यानंतर राजाचे मंत्री मार्केस द पोंबाल यांच्या कारकिर्दीत खालचा बायशा भाग आखीवरेखीव चौकटीत उभा राहिला. इमारतींच्या आत लाकडी पिंजऱ्यासारखा सांगाडा घातला, म्हणजे पुढच्या हादऱ्यात भिंती तग धरतील. इथले मुख्य रस्ते साधारण उत्तर-दक्षिण जातात, त्यामुळे सकाळी एक बाजू उजळते, संध्याकाळी दुसरी. एकसारख्या खिडक्यांची रांग लांब लेन्सने दाबून घ्या. वाइडने हे रस्ते रिकामे वाटतात. इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते ती कॅमेरा वर उचलल्यामुळे. कॅमेरा सरळ धरा, खाली रस्ता जास्त आला तर येऊ द्या, नंतर कापता येतो.

त्याच भूकंपात छप्पर गेलेलं कार्मूचं मठ-चर्च मुद्दाम तसंच ठेवलेलं आहे. उघड्या आकाशाखाली कमानींच्या फासळ्या उभ्या आहेत. इथे ढगाळ दिवस वाईट, आकाश पांढरं आलं की कमानी हरवतात. निळं आकाश किंवा संध्याकाळचा शेवटचा तास धरा.

साओ दोमिंगूश चर्च रोसियूच्या मागेच आहे. १९५९ च्या आगीत ते आतून होरपळलं. दुरुस्ती करताना जळके, तडकलेले खांब तसेच राहू दिले आणि भिंतींना तांबूस-केशरी रंग दिला. आत उजेड कमी, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० आणि खांबाला खांदा टेकून उभं राहा. फ्लॅश कधीच नाही. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहा, कॅमेरा मांडीवर.

बेलें हा भाग मात्र निवांत, अर्धा-पाऊण दिवस काढून करा. जेरोनिमूश मठाचं बांधकाम १५०१-०२ च्या सुमारास सुरू झालं. दोर, पोवळी, समुद्री वनस्पती असं सगळं दगडात कोरलेलं आहे. मुख्य दर्शनी बाजू दक्षिणेकडे, म्हणून हिवाळ्यात दिवसभर तिरपं ऊन तिच्यावरून घसरतं आणि प्रत्येक दोराचा पीळ वेगळा दिसतो. आतल्या दुमजली अंगणात वरच्या मजल्यावरून कमानींच्या सावल्या टिपा. चर्चमध्ये शिरताच डावी-उजवीकडे दोन दगडी पेट्या आहेत, त्यांतली एक वास्को द गामाची. तो १५२४ मध्ये कोचीनला वारला.

तिथून नदीकाठाने बेलेंच्या बुरुजाकडे चालत जा. सगळे जण समोरून पूर्ण बुरुज घेतात. तुम्ही लांब लेन्स काढा आणि वायव्य कोपऱ्यातल्या टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी बघा. झिजलेलं एक डोकं दिसेल. तो गेंडा आहे. गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला हा गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सू द आल्बुकेर्कने गोव्याहून जहाजावर चढवला, आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. बुरुजाचं काम तेव्हा चालूच होतं. दुपारनंतर, ऊन पश्चिमेकडून यायला लागलं की त्या डोक्यावर सावली पडून आकार उठतो. सकाळी तो नुसता दगडाचा गोळा वाटतो. आत दुरुस्ती चालू असली तरी हे बाहेरूनच दिसतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघा. भरतीला बुरुज पाण्यात उभा असतो, ओहोटीला बाजूची वाळू आणि शेवाळलेले दगड उघडे पडतात.

जवळच शोधयात्रांचं स्मारक आहे, नदीकडे झेपावणाऱ्या जहाजाच्या आकाराचं. आजचं दगडी रूप १९६० मधलं, पोर्तुगालमधल्या हुकूमशाही राजवटीच्या काळातलं. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. थोड्या अंतरावरच्या बागेत आल्बुकेर्कचा पुतळा उंच खांबावर आहे. १५१० मध्ये गोवा जिंकणारा तोच. आपल्या लोकांनी हे फोटो काढताना कॅमेऱ्याची उंची जाणूनबुजून ठरवावी असं मला मनापासून वाटतं. खालून वर बघणारा कोन पुतळ्याला वीर बनवतो, शिल्पकाराला तेच हवं होतं. मी दूर जाते, लांब लेन्स लावते आणि पुतळा झाडांच्या नि बाकावर बसलेल्या माणसांच्या बरोबरीने येईल अशी फ्रेम घेते. शिल्पाची कारागिरी दिसते, पण मान झुकत नाही.

नदीकाठीच २०१६ मध्ये उघडलेलं मात संग्रहालय आहे, वास्तुकार अमांडा लेव्हेट. दर्शनी बाजूला सुमारे १५,००० त्रिमितीय पांढऱ्या टाइल्स. सूर्य कलला की पाण्यावरचे कवडसे छपराच्या खालच्या बाजूवर नाचतात. तिथे फोटोपेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या.

पायरी ६: जमिनीखाली

पाऊस लागला की मेट्रोत उतरा. १९५९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या बहुतेक स्थानकांच्या भिंती मारिया केइल यांनी टाइल्सनी सजवल्या. ओलायश स्थानक रंगांचा कल्लोळ आहे. पण मला सर्वांत जवळचं ओरिएंत स्थानक. १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तिथे पाच खंडांतल्या चित्रकारांना टाइल्सच्या भिंती दिल्या, आणि त्यांत हुंडर्टवासर, यायोई कुसामा यांच्याबरोबर सय्यद हैदर रझा आहेत. नागपूरच्या कलाशाळेत आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले आपले रझा. फलाटावर ती भिंत शोधून काढण्यातच एक आनंद आहे.

फलाटावरच्या दिव्यांत फोटो पट्टेदार येऊ नयेत म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. तिथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. गाडी जात असताना १/८ ने काढला तर गाडी पुसट पट्टा होते आणि मागची भिंत ठाम राहते. पिवळ्या रेषेच्या मागेच उभं राहा. वर आलात की वास्तुकार कालात्रावा यांनी बांधलेलं रेल्वे स्थानक आहे, पोलाद-काचेची झाडं. ते निळ्या वेळेत, आतले दिवे लागल्यावर.

पायरी ७: भिंतीवरची आजची कला

व्हील्स या नावाने ओळखले जाणारे आलेशांद्र फार्तू भिंत रंगवत नाहीत, ती फोडतात. गिलावा छिन्नी-ड्रिलने काढून खालच्या थरांतून चेहरे उभे करतात. असं काम समोरच्या उजेडात मरतं. ऊन भिंतीला घासून जात असेल त्या अर्ध्या तासात जा. आल्फामात साओ तोमे रस्त्यावर त्यांनी २०१५ मध्ये फादू या पोर्तुगीज गायनप्रकाराची गायिका आमालिया रोद्रिगेश यांचा चेहरा फरसबंदीतच बसवला. दगड जमिनीवरून उठून भिंतीवर चढतात. कालसेतैरूंबरोबर केलेलं हे काम पूर्ण कळायला जमीन आणि भिंत दोन्ही फ्रेममध्ये हवीत.

बोर्दालू सेगुंदू भंगारातून प्राणी करतात. पार्क दाश नासोंयश भागात त्यांचा प्रचंड इबेरियन लिंक्स आहे. इथे दोन फोटो लागतातच: लांबून पूर्ण प्राणी, शेजारी एखादा माणूस म्हणजे आकार कळेल, आणि हातभर अंतरावरून टायर, बंपर, पाइप. एकच काढलात तर अर्धी गोष्ट राहते.

मोरारियातल्या बेकू दाश फारिन्याश या बोळात छायाचित्रकार कॅमिला वॉटसन यांनी तिथल्याच वृद्ध रहिवाशांचे फोटो त्यांच्या घरांजवळच्या भिंतींवर छापले आहेत. तिथे हळू बोला, हळू चाला. भिंतीवरची आजी कदाचित शेजारच्या दारातच बसलेली असेल. आधी "बों दिया" (सुप्रभात) म्हणा, कॅमेऱ्याकडे बोट करून विचारा, नकार आला तर हसून पुढे जा.

रस्त्यावरची कला टिकत नाही, इमारत पडते किंवा वर दुसरं चित्र येतं. म्हणून कलाकाराची सही आणि रस्त्याच्या नावाची पाटी यांचा एकेक साधा फोटो जरूर घ्या.

पायरी ८: वातावरण

अठ्ठावीस नंबरच्या ट्रामचा फोटो चढून नाही, खाली उभं राहून मिळतो. गल्लीच्या वळणावर थांबा, शटर १/२० करा, ट्रामबरोबर कॅमेरा एका चालीत फिरवा. दहातले नऊ फसतील. ट्राममध्ये चढलात तर कॅमेरा छातीशी धरा, तिथे खिसेकापू असतात.

आल्फामात दोऱ्यांवर वाळणारे कपडे सगळ्यांनाच मोहवतात. वर बघून काढा, पण तळमजल्याच्या उघड्या खिडकीत लेन्स घालू नका, ते कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे. मी एखाद्या पायरीवर वीस मिनिटं बसते. पहिली पाच मिनिटं लोक बघतात, मग विसरतात. मग कोपऱ्यावर बिका या कडक कॉफीचा कप घेऊन उभे असलेले आजोबा, शाळेतून धावत आलेलं पोर, कबुतरं, सगळं आपोआप येतं.

फादूच्या छोट्या खानावळीत गाणं सुरू होताना दिवे मंद होतात आणि सगळे गप्प होतात. गाणं चालू असताना शटरचा आवाज म्हणजे अपमान. आधी रिकामी खुर्ची आणि गिटार टिपा, गाणं संपल्यावर विचारून गायिकेचा चेहरा.

पायरी ९: कायदा, थोडक्यात

पोर्तुगालमध्ये सार्वजनिक जागी कायम असलेल्या इमारती आणि शिल्पांचे फोटो काढायला, छापायला कायद्याने सूट आहे. युरोपभर तसं नाही. जर्मनीत ही सूट रस्त्यावरून जे दिसतं त्यापुरती, ड्रोनने काढलेल्या फोटोला ती लागू नाही असं तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवलं. फ्रान्समध्ये २०१६ पासून ती व्यक्तींच्या बिगर-व्यावसायिक वापरापुरती आहे, आणि आयफेल टॉवरची रात्रीची रोषणाई स्वतंत्र हक्काखाली येते. स्वतःपुरता फोटो काढायला कुठेच अडचण नाही, विकायचा असेल तेव्हा चौकशी करा. माणसांचा मात्र स्वतःच्या प्रतिमेवर हक्क असतो. गर्दीत आलेला चेहरा वेगळा आणि फ्रेम भरून घेतलेला वेगळा. लहान मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय नाहीतच. ड्रोन घरी ठेवा, लिस्बनचा विमानतळ शहराला चिकटूनच आहे.

पायरी १०: रोज रात्री अर्धा तास

मुक्कामी आल्यावर फोटो दोन ठिकाणी उतरवा, एक प्रत पिशवीत आणि एक क्लाउडवर. सरळ फसलेले तिथेच पुसा, बाकीच्यांना हात लावू नका. मग दिवसभरातल्या प्रत्येक जागेचा एक फोटो निवडून वहीत दोन ओळी लिहा: किती वाजले होते, ऊन कुठल्या बाजूने होतं, काय अडलं. "सान्ता लुझिया, दुपारी १२, टाइलवर आकाश, सकाळी परत." मग उद्याचा मार्ग या वहीवरून आखा.

रंग सुधारताना आधी उभ्या रेषा सरळ करा, मग पांढऱ्या दगडाची चमक खाली आणा, निळ्याला अगदी शेवटी हात लावा. लिस्बनचं आकाश आधीच निळं असतं. आणि फोटोखाली चौकाचं, रस्त्याचं, कलाकाराचं नाव मराठीत लिहा, उच्चार शक्य तितका जवळचा. ओरिएंत स्थानकातल्या त्या भिंतीच्या फोटोखाली मी लिहिलं होतं, "रझा, जमिनीखाली, लिस्बन". नागपूरच्या एका मैत्रिणीने तो फोटो मोठा करून मागितला.